भोक गोल आहे का?

परोपजीवी गांधीलमाश्या शोधणारी माणसं गांधीलमाशी शोधतच नाहीत. आमच्या धंद्यातलं हे पहिलं गुपित. नवा मुलगा हाताखाली आला की तो मोठ्या हौसेने भिंग डोळ्याला लावून पऱ्हाटीच्या ओळीत शिरतो आणि पानावर उडणारं काहीतरी बघू लागतो. दुपारपर्यंत त्याला मावा दिसतो, तुडतुडे दिसतात, ढालकिडे दिसतात, भिंगात अडकलेल्या स्वतःच्या पापण्याही दिसतात. माशी काही दिसत नाही. दिसणार कशी? अंग अर्ध्या मिलिमीटरचं, रंग पिवळट किंवा काळा, आणि पान हललं की पसार. मग जुना सर्वेक्षक त्याला धुऱ्यावर बसवतो आणि सांगतो, "माशी सोडून दे. भोक पाह्य. भोक गोल आहे का?"

आमचं काम म्हणजे पंचनामा. आरोपी कधीच निघून गेलेला असतो, जागेवर राहतं ते प्रेत आणि बाहेर पडायची वाट. पतंगाच्या अंड्यातून अळी नेहमीच्या रीतीने निघाली, तर मागे उरलेलं टरफल पांढुरकं, फाटकं असतं. बऱ्याचदा अळीने ते खाऊनही टाकलेलं असतं. त्याच अंड्यातून ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशी निघाली, तर टरफल काळं असतं आणि त्याला कंपासने काढल्यासारखं भोक असतं. मावा परोपजीवीने मारला असेल तर तो टम्म फुगून, तांबूस-राखाडी होऊन पानाला घट्ट चिकटलेला सापडतो. पाठीवर तेच गोल भोक, कधी कधी त्याचं झाकण एका बाजूला लटकत राहिलेलं. आम्ही त्याला ममी म्हणतो. पिठ्या ढेकणाची ममी तपकिरी, टणक आणि भोक मागच्या टोकाला. ढालकिड्याने किंवा कोळ्याने मारलेल्या किड्याचं असं नीटनेटकं काही उरत नाही. तिथे नुसती फाडाफाड. भोक गोल असेल तर आतून कुणीतरी जबड्याने कुरतडत, स्वतःच्या मापाचं दार करून बाहेर आलेलं आहे, एवढं नक्की.

वाचकाला वाटेल, असा प्राणी आपण जन्मात पाहिलेला नाही. पाहिलेला आहे. पिकलेलं उंबर फोडून त्यातली काळी चिलटं फुंकर मारून उडवली नाहीत, असा माणूस आपल्याकडे विरळा. ती चिलटं नव्हेत, त्या गांधीलमाश्याच. त्यातली सेराटोसोलेन फ्युसिसेप्स ही उंबराचं परागीकरण करणारी, म्हणजे घरची माणसं. पण त्याच उंबराच्या बाहेर, सालीवर, शेपटीला अंगापेक्षा लांब सुई असलेली दुसरी एक जात बसलेली असते. ती ॲपोक्रिप्टा. ती आत शिरत नाही. बाहेरूनच कच्च्या फळात सुई घालते आणि आत वाढणाऱ्या दुसऱ्या माश्यांच्या पिल्लांवर अंडी टाकते. केसापेक्षा बारीक सुई कडक फळात वाकल्याशिवाय जाते कशी, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तपासलं. २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं की त्या सुईच्या टोकावरच्या दातांत जस्त असतं. उंबराखाली बसून जेवणाऱ्यांच्या डोक्यावर ही भोकं पाडायची यंत्रं दिवसभर चालू असतात.

आमचा हा पंचनामा चालतो ते फुलसावंगी, यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातलं गाव. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते एकाएकी देशभरच्या बातम्यांत आलं. गावातल्या एका तरुणाने वेल्डिंगच्या कामातून शिकत शिकत स्वतः हेलिकॉप्टर बनवलं होतं आणि चाचणीच्या वेळी पंखा तुटून त्याचा जीव गेला. आजही गावाचं नाव काढलं की ऐकणारा वर आभाळाकडे बघतो. आमचा तिथला सगळा वावर मात्र मान खाली घालून. काळी जमीन, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. ओळीतून चालायचं, ठरलेल्या अंतरावर झाड निवडायचं, वरचं पान, मधलं पान, खालचं पान उलटून बघायचं आणि आकडे वहीत मांडायचे. २००८ मध्ये विदर्भातलं सोयाबीन तंबाखूवरच्या अळीने खाऊन फस्त केलं. त्यानंतरच्या वर्षी राज्यात क्रॉपसॅप नावाचा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला आणि गावोगाव आमच्यासारखे पानं उलटणारे लोक दिसू लागले.

त्या कामात सर्वांत अवघड गोष्ट कीड ओळखणं नव्हे. अवघड आहे ते शेताच्या मालकाला उत्तर देणं.

"काय पाहून रायले, साहेब?"

"अंडी काळी पडली का, ते पाहतो काका."

"काळी पडली तं?"

"तर त्यातून अळी निघणार नाही. दुसरंच निघेल."

"दुसरं म्हणजे? तेच्यासाठी आता कोणतं औषध मारू?"

या शेवटच्या प्रश्नाशी प्रत्येक सर्वेक्षकाची गाठ पडते. पानावर जे काही हलतं त्याच्यासाठी कृषी केंद्रात एक बाटली असते, असा सगळ्यांचा अनुभव. त्यामुळे 'हिच्यासाठी काहीच मारू नका' हे वाक्य ऐकल्यावर माणूस आपल्याकडे जरा संशयानेच बघतो. धुऱ्यावर निंदण करणाऱ्या एका मावशींनी मला केसाळ अळी दाखवली होती. अळी सुस्त पडलेली, अंगावर पांढऱ्या लांबट पुडक्यांचा थर. "पाह्य, किती अंडी घातली हिनं," असं म्हणत त्या नखाने एकेक चिरडत होत्या. अळी अंडी घालत नाही, अंडी पतंग घालतो, हे त्यांना सांगितल्यावर त्या क्षणभर थांबल्या. ती पुडकी म्हणजे कोटेशिया या गांधीलमाशीचे कोश. तिची पिल्लं अळीच्या पोटात वाढतात, कातडी फोडून बाहेर येतात आणि तिथेच रेशीम विणून झोपतात. मावशींनी उरलेली अळी एका पानावर ठेवून मला दिली आणि म्हणाल्या, "मंग ने तुझ्या घरी, बाळंतपण कर." तसंच केलं. होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली, कापसाचा बोळा आणि वाट पाहणं, हे या शास्त्राचं खरं भांडवल आहे.

आता बंबावाले यांची गोष्ट. मला विचाराल तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक कृषी पदविकेच्या वर्गात ती सांगायला हवी.

२००५-०६ च्या सुमारास गुजरातेत आणि मग उत्तरेत कापसावर एक नवा पिठ्या ढेकूण दिसू लागला. शेंड्यावर पांढरं पीठ, खाली चिकटा, त्यावर काळी बुरशी आणि खोडावरून मुंग्यांची रांग. आधी हा कोण, यावरच गोंधळ. शेजारी पाकिस्तानात तर त्याला नवी जात समजून नवं नाव देण्यात आलं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या लोकांनी नऊ राज्यांतल्या ४७ ठिकाणांहून नमुने गोळा केले. त्यातले जवळजवळ सगळे एकाच जातीचे निघाले: फेनाकॉकस सोलेनॉप्सिस. १८९८ मध्ये टिन्सले नावाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतून ज्याचं वर्णन केलं होतं, तो पाहुणा. त्याच्यासाठी औषधांवर औषधं मारली गेली. पिठाच्या मेणचट थरामुळे ती आतपर्यंत पोचत नसत आणि पीठ नसलेल्या बाकीच्या जिवांना मात्र मारून जात.

आणि मग २००८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राच्या लोकांना तपकिरी ममी दिसल्या. भोक गोल. बाहेर आली ती काळी, दीड-दोन मिलिमीटरची, उड्या मारणारी गांधीलमाशी. कुणी आणली नव्हती, कुणी सोडली नव्हती. आपोआपच हजर झाली होती. नमुने गेले अलिगढला, मोहम्मद हयात यांच्याकडे. एन्सर्टिडी हे तिचं कुळ आणि हयात ही नावं आपल्याकडे एका दमात घेतली जातात. त्यांनी ती नवी जात ठरवली आणि २००९ मध्ये, त्या केंद्राचे संचालक ओ. एम. बंबावाले यांच्या सन्मानार्थ, नाव दिलं एनासियस बंबावालेई.

एका मराठी आडनावाची माशी देशभरच्या कापसात पिठ्या ढेकूण मारत फिरू लागली. कपाशीच्या पट्ट्यात ती जिथे बघावं तिथे सापडायची, फक्त कुणीतरी ममी उचलून बाटलीत ठेवण्याची खोटी. पिठ्या ढेकणाचा धुमाकूळ पुढच्या काही हंगामांत उतरला, त्यात या माशीचा मोठा वाटा मानला जातो. यवतमाळकडे पऱ्हाटीत नाही सापडली तर बांधावरच्या गाजर गवतात, पेटारीत, अंगणातल्या जास्वंदीवर हमखास. आम्ही आमच्या वहीत मोठ्या अभिमानाने 'बंबावालेई' लिहीत होतो.

पाच-सहा वर्षांत बातमी आली, की नाव रद्द. परदेशातल्या अभ्यासकांनी जुन्या संग्रहातले नमुने काढून ताडून पाहिले, तर हीच माशी १९१५ मध्ये ॲरिझोनाच्या नमुन्यांवरून वर्णन केलेली निघाली. प्राण्यांच्या नामकरणात नियम कडक असतो: आधी ज्याने रीतसर नाव दिलं, त्याचं नाव टिकतं. तेव्हापासून ती एनासियस ॲरिझोनेन्सिस. हयात यांचं काम यात कुठेही कमी पडलं असं मला वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वीचं चार ओळींचं वर्णन आणि अमेरिकेतल्या कपाटातली सूक्ष्मदर्शकाची एक जुनी काच, यांच्याशी दिल्लीतली माशी जुळवायची म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. पण त्या वर्षी वहीत नवं नाव लिहिताना कुणालाच बरं वाटलं नाही, हेही खरं. जुने सर्वेक्षक बोलताना आजही 'आपली बंबावाले' असंच म्हणतात.

आणि १९१५ मध्ये ते नाव देणारा माणूस कोण? आलेक्झांडर आर्सेन जिरो. जन्म अमेरिकेत १८८४, मृत्यू ऑस्ट्रेलियात १९४१. बारीक गांधीलमाश्यांच्या दुनियेत या माणसाचं भूत प्रत्येक कपाटात आहे. तीन हजारांवर जातींची वर्णनं त्याने लिहिली, त्यातली कित्येक स्वतःच्या खर्चाने छापलेल्या पत्रकांतून, कारण मासिकांशी आणि साहेबांशी त्याचं जमायचं नाही. कीटकशास्त्राने पोट भरण्यासाठी फवारणीचे सल्ले देत बसावं हे त्याला पटत नसे, आणि नोकरी तर नेमकी तीच. फुलकिड्यांवर जगणाऱ्या एका माशीला त्याने गोएथिआना शेक्सपिअराय नाव दिलं, दुसरीला मोझार्टेला बीथोवेनाय. वरिष्ठ इलिंगवर्थ यांच्यावरचा राग त्याने कसा काढला? शिलिंग्सवर्थिया शिलिंग्सवर्थाय नावाचा कीटक 'वर्णन' केला, ज्याला मुळी शरीरच नाही, आणि तो सापडला म्हणे गुरू ग्रहावर. सरकारी कार्यालयात काम केलेल्या कुणालाही हा किस्सा सांगा, तो जिरोचा भक्त होतो.

त्याच्या मागे राहिलेल्या काचा हा मात्र पुढच्या पिढ्यांना शाप. एकेका काचेवर बरेच जीव कोंबलेले, डोकी वेगळी काढून चिरडलेली, लेबलावर पेन्सिलीची खरड. तरीही नावाचा प्रश्न सुटतो तो त्या काचांपाशीच.

जिरोची गोष्ट इथे संपत नाही. पिठ्या ढेकणाच्या ममी घरी आणून बाटलीत ठेवल्या तर त्यांतून दोन तऱ्हेच्या माश्या निघू लागतात. एक आपली ओळखीची काळी. दुसरी वेगळ्याच बांध्याची, चाल वेगळी, मिशा वेगळ्या. नवा मुलगा दोन्ही मोजतो आणि वहीत लिहितो: मित्रकीटक, एकूण इतके. इथे जुना माणूस वही हिसकावून घेतो. दुसरी आहे प्रोमुसिडिया. ती ढेकणावर येत नाही. ढेकणाच्या आत वाढणाऱ्या एनासियसवर येते. चोरावर मोर! म्हणजे तीही गोल भोक पाडूनच निघते, पण तिचं प्रत्येक भोक आपल्या मित्राच्या थडग्याचं. पंचनाम्यात ममी मोजून भागत नाही, आतून कोण निघालं ते बघावं लागतं. तिचंही नाव जिरोनेच ठेवलेलं आहे.

ट्रायकोग्रामाची गोष्ट वेगळी. ती रानात सापडते, पण बहुतेक शेतकऱ्यांना भेटते ती कार्डावर. ट्रायकोकार्ड म्हणजे पोस्टकार्डासारखा एक कागद, त्यावर डिंकाने चिकटवलेली सुमारे वीस हजार अंडी. कापसाला गुलाबी बोंडअळीसाठी एकरी तीन कार्डं, म्हणजे साठ हजार माश्या, अशी शिफारस असते. त्यासाठीची जात ट्रायकोग्रामाची चुलत बहीण, ट्रायकोग्रामॅटॉइडिया बॅक्ट्रे. कागदावर हे फार सोपं वाटतं.

त्या कागदामागची प्रयोगशाळा कुणी बघत नाही. माशी पाळायची तर तिला अंडी हवीत, अंडी हवीत तर पतंग हवा, आणि पतंग म्हणजे तांदळातला कॉर्सिरा. भरडलेली ज्वारी किंवा मका ट्रेमध्ये भरायची, त्यात पतंगाची अंडी पेरायची आणि साधारण दीड महिना थांबायचं. मग खोलीभर पतंग. ते गोळा करताना पंखांची भुकटी हवेत उडते, नाकातोंडात जाते. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्यांना दम लागतो, खोकला कायमचा बसतो. तोंडाला फडकं बांधूनच आत जायचं. मिळालेली अंडी चाळायची, अतिनील दिव्याखाली ठेवायची. अंडी मारून टाकायची असतात, नाहीतर त्यांतून अळ्या निघून शेजारची अंडी खाऊन टाकतील. मग डिंक, मग कार्ड, मग माश्या. चौथ्या दिवशी कार्ड काळं पडू लागलं की जमलं.

ट्रायकोग्रामाची आई अंड्यावर चढून आधी ते चालून मोजते, मिशांनी ठोकून बघते आणि मापानुसार आत किती पिल्लं मावतील ते ठरवते. मोठं अंडं असेल तर जास्त, कॉर्सिराचं असेल तर बहुधा एक. हे बघायला मिळतं ते सूक्ष्मदर्शकाखाली, रात्रीच्या शांततेत, आणि मग वीज जाते.

पण या खोलीत सगळ्यांना धास्ती असते ती दुसऱ्याच एका मित्राची. ब्रॅकॉन. शेतात अळ्यांना डंख मारून लुळं करणारी, तिच्यासाठी आम्ही भाषणं देतो. तीच माशी कॉर्सिराच्या खोलीत शिरली तर? तिथे तर अळ्यांची खाणच. अशा एका खोलीत मी एका सकाळी गेलो तेव्हा ट्रेच्या ट्रे शांत होते. दाण्यांच्या जाळीत अळ्या जिवंत पण लुळ्या, अंगावर ब्रॅकॉनची पिल्लं. महिन्याभराची सगळी कार्डं गेली. ज्यांनी आदल्या आठवड्यात कृषी मेळाव्यात ब्रॅकॉनचा फलक लावला होता, तेच लोक खिडक्यांना दुहेरी मलमल ठोकत तिला शिव्या घालत होते.

कार्ड तयार होऊन शेतात पोचण्यापर्यंतही एक नाटक असतं. कार्ड थंडाव्यात ठेवावं लागतं, नाहीतर वाटेतच माश्या निघतात. एका दुकानात कार्डं काचेच्या काउंटरवर, दुपारच्या उन्हात मांडलेली होती. दुकानाचं नाव नको. फुलसावंगीकडचा एक शेतकरी कार्ड घ्यायला गेला. हा माणूस आमच्यासोबत हंगामभर पानं उलटत फिरलेला, खिशात स्वतःचं भिंग बाळगणारा. त्याने कार्ड उजेडात धरलं, भिंग लावलं आणि काउंटरवर परत ठेवलं. "हे रिकामं हाय." दुकानदार म्हणाला, "अहो, बघा ना, काळंकुट्ट आहे, ताजं आहे." यावर तो म्हणाला, "काळं हाय, पण भोकं गोल हायेत. पाखरं उडाली, भाऊ. तुमच्या दुकानात अळी नाही होनार आता." त्या दिवसापासून त्याला शिकवण्यासारखं आमच्याकडे काही उरलं नाही.

शेतात कार्ड लावताना तो पट्ट्या कापतो, पानाच्या खालच्या बाजूला टाचतो, संध्याकाळी टाचतो आणि मुंग्यांची वाट टाळतो. नाहीतर साठ हजार माश्यांचा मुंग्यांना फराळ.

या अर्ध्या मिलिमीटरच्या जिवाची ओळख कशी पटवायची, यावर जगभर जो घोळ झाला त्याला उत्तर मिळालं ते बंगळूरला. ट्रायकोग्रामाचं कुळ-घराणं सांगायला सोपं आहे: लाल डोळे, पायाचा पंजा तीन पेरांचा, पंखांवर ओळीने केस. पण जात? जुने लोक रंग बघत. रंग तर तापमानाने बदलतो. थंडीत वाढली तर काळपट, उन्हाळ्यात पिवळी. त्यामुळे एकाच जातीला पाच नावं आणि पाच जातींना एक नाव, अशी अवस्था. कॉमनवेल्थ जैविक नियंत्रण संस्थेच्या बंगळूर केंद्रात सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी आधी त्यांची लग्नं लावून पाहिली. कुणाचा कुणाशी संकर होतो, कुणाला पिल्लं होतात, कुणाला होत नाहीत. १९७१ च्या शोधनिबंधात त्यांनी दाखवलं की जात सांगायची असेल तर नराचं जननांग बघा. रंग, आकार, पंख सगळं नंतर. जो अवयव मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचा, तो पोटॅशच्या द्रावणात स्वच्छ करून काचेवर ठेवायचा आणि त्याचं चित्र काढायचं. आज जगात कुणीही ट्रायकोग्रामा ओळखतो तो याच वाटेने.

आणि इथेही जिरो आहेच. भारतात उसापासून कापसापर्यंत सर्वत्र सापडणाऱ्या जातीला वर्षानुवर्षं ट्रायकोग्रामा ऑस्ट्रॅलिकम म्हणत, ते नाव त्याचं, १९१२ चं. पुढे कळलं की आपली ती वेगळीच. शेवटी तिला मिळालं जपानच्या इशी यांनी १९४१ मध्ये दिलेलं नाव: चिलोनिस. बंबावाले यांचं नाव जिरोपुढे हरलं, पण इथे जिरोचं नाव पुसलं गेलं. या दुनियेत कुणाचंच नाव दगडावर कोरलेलं नसतं.

यवतमाळ जिल्ह्यात बसून हे सगळं गंमत म्हणून लिहिता येत नाही, याला कारण २०१७. त्या हंगामात कापूस डोक्यापर्यंत वाढला होता, गुलाबी बोंडअळी बीटी कापसाला जुमानत नव्हती, आणि फवारणी करता करता विषबाधा होऊन या जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यांत. त्या बोंडअळीवर येणाऱ्या माश्यांपैकी एकीचं नाव आहे ब्रॅकॉन लेफ्रॉयाय. ज्यांच्या नावावरून ते आलं, ते हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे ब्रिटिश सरकारचे इथले कीटकशास्त्रज्ञ. बिहारमधल्या पुसा इथे बसून त्यांनी 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' हा ग्रंथ १९०९ मध्ये काढला. इंग्लंडला परतल्यावर १९२५ मध्ये प्रयोगशाळेत माश्या मारण्याच्या वायूचा प्रयोग करताना त्याच वायूने त्यांचा मृत्यू झाला. फुलसावंगीच्या शेतात बोंड फोडल्यावर आत ब्रॅकॉनचा कोश सापडला की मला लेफ्रॉय आठवतात, आणि लगेच पाठीवर पंप घेतलेली, तोंडाला फक्त उपरणं बांधलेली माणसं आठवतात. या दोन मरणांमध्ये ९२ वर्षांचं अंतर आहे, पण विषाने मारण्याचा हट्ट तोच.

ममी गोळा करायला शिकलेल्या माणसाने पुढे काय करायचं, तेही सांगतो, कारण इथेच बहुतेकांचा उत्साह गळतो. माशी निघाली की तिला वाळू द्यायचं नाही. ट्रायकोग्रामासारखं अंग वाळलं की सुरकुतून त्याचा गोळा होतो आणि मग कुणालाच काही सांगता येत नाही. सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायची. बाटलीत लेबल पेन्सिलीने लिहायचं, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि तज्ज्ञाच्या हाती निळं पाणी पोचतं. लेबलावर गाव, तारीख, पीक आणि सर्वांत महत्त्वाचं, ती कशातून निघाली. बाटलीत कितीही सुंदर नमुना असला आणि यजमान लिहिलेला नसला, तर तज्ज्ञ ती बाटली मागच्या फळीवर ढकलतात. तिथे दहा-दहा वर्षं बाटल्या बसून असतात.

फुलसावंगीजवळच्या एका शेतातून आम्ही तुरीवरची काळी पडलेली अंडी आणली, त्यांतून ट्रायकोग्रामा निघाल्या, रीतसर लेबल लावून एका तज्ज्ञांकडे पाठवल्या. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. दोनच ओळी: 'ट्रायकोग्रामाची जात. सर्व नमुने मादी. नर असल्यास पाठवावेत.' मग पुढची पिढी वाढवली. माद्या. तिच्या पुढची. पुन्हा माद्याच. असं होऊ शकतं हे पुस्तकात वाचलेलं होतं. काही ट्रायकोग्रामांच्या पोटात वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतो. त्याच्यामुळे नराशिवायच मादी माद्यांना जन्म देत राहते. जिवाणू मारला की नर जन्मू लागतात, हे स्टाउथॅमर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रतिजैविकं देऊन दाखवलं होतं. नर हवा तर माश्यांना मधातून टेट्रासायक्लीन पाजायला हवं.

म्हणून हाताखालच्या मुलाला घेऊन मेडिकलच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "चिठ्ठी कुठे आहे? पेशंट कोण, वय किती?" मी काहीतरी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मुलाने खरं तेच सांगून टाकलं.

"बाई हाय, साहेब. वय एक दिवस."